मलम न लावता निघा: त्वचेच्या अवघड निदानासाठीची एक वारी

भाच्याच्या अंगावर तपकिरी डाग, काकांच्या कमरेवर आणि मांड्यांवर वर्षानुवर्षांचे खाजरे चट्टे. भाच्याच्या डागांना कुणी तीळ म्हणालं, कुणी किडा चावल्याच्या खुणा. काकांचा आधी एक्झिमा झाला, मग नायटा, मग पुन्हा एक्झिमा. शेवटी आमच्या त्वचारोगतज्ज्ञांनीच चिठ्ठी दिली आणि ताई, भाचा, काका आणि मी अशी वरात मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाऊन आली. त्याच वाटेने जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

निघण्याआधी विभागात फोन करून कोणतं औषध किती दिवस आधी थांबवायचं ते विचारून घ्या. काकांना स्टिरॉइडचं मलम काही आठवडे आधीच बंद करायला सांगितलं होतं. त्या मलमाने चट्टा दबतो आणि बायॉप्सीत दिसायला हव्या त्या पेशीही विरळ होतात. मग रिपोर्ट येतो ‘विशेष काही नाही’. नायट्यावर स्टिरॉइड चोळलं तर त्याची कड पुसट होते, रूप बदलतं आणि साधा नायटाच दुर्मीळ आजारासारखा दिसायला लागतो. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, दुर्मीळ म्हणून येणाऱ्यांत असे बरेच असतात. मात्र पोटातून घ्यायच्या गोळ्या, त्यातही स्टिरॉइडच्या, कुणालाही न विचारता बंद करू नका. ते धोक्याचं आहे.

जायच्या दिवशी अंगाला क्रीम, तेल, पावडर काही नको, नखांना रंगही नको. अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पच्या अतिनील उजेडात डाग बघतात, तेव्हा मलमाचे आणि साबणाचे अंश, कपड्याचे धागेसुद्धा चमकतात आणि गोंधळ होतो. फिकट डाग त्या उजेडात नीट कळतात. बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे तीन किंवा जास्त पांढरट डाग असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराचा विचार करावा लागतो, आणि गोऱ्या बाळाच्या अंगावर ते साध्या उजेडात चटकन सुटून जातात.

फोटो भरपूर न्या, पण विचार करून काढलेले. एक लांबून, म्हणजे डाग अंगावर कुठे आहेत ते कळेल. एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. उजेड खिडकीचा, फ्लॅश नको. येणारे-जाणारे डाग तपासणीच्या दिवशी हमखास गायब असतात, त्यामुळे फोटोलाच साक्षीदार करावं लागतं. अंगावर पित्त उठत असेल तर उठलेली एक गांध निवडून तिच्याभोवती पेनाने गोल काढा आणि वेळ लिहून ठेवा. साधी गांध चोवीस तासांच्या आत जागा सोडते. तीच गांध तिथेच राहिली, खाजेपेक्षा दुखत असली आणि जाताना काळसर डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका येते. इतक्या स्वस्तात इतकी माहिती देणारी दुसरी तपासणी मला तरी माहीत नाही.

आधी बायॉप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. काचपट्ट्या आणि मेणातला मूळ तुकडा, ज्याला लॅबवाले ‘ब्लॉक’ म्हणतात, तो मागून घ्या. काकांच्या जुन्या बायॉप्सीचा ब्लॉक मिळवायला मला एका लॅबमध्ये खेटे घालावे लागले, सही-शिक्क्याचे सोपस्कार झाले, पण पुढे तोच कामाला आला.

आता भाच्याची तपासणी. डॉक्टरांनी आधी डागांना हातच लावला नाही. डाग कधी दिसले, गरम पाण्याने लाल होतात का, फोड येतात का, चेहरा एकदम लाल होतो का, जुलाब होतात का, आई-वडील नात्यातले आहेत का, असं बराच वेळ ताईला विचारत राहिल्या. मग जीभ दाबायची लाकडी पट्टी घेतली, तिच्या बोथट कडेने एका छोट्या डागावर काही वेळा रेघ मारली आणि भाच्याशी त्याच्या बुटांबद्दल गप्पा सुरू केल्या. थोड्याच मिनिटांत तो डाग फुगला, भोवती लालसर वर्तुळ उठलं, शेजारची कातडी मात्र होती तशीच. याला दारियेची खूण म्हणतात. त्या डागात मास्ट पेशींची, म्हणजे अॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींची गर्दी असते, चोळलं की त्या हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतात. निदान झालं: त्वचेतला मास्टोसायटोसिस. हा प्रयोग घरी करू नका. मोठी गाठ चोळली तर हिस्टामिन अंगभर पसरून मूल लालबुंद होऊ शकतं, रक्तदाबही घसरू शकतो.

पुढे रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून येणारं द्रव्य, तपासलं. एवढ्या लहान मुलांमध्ये आजार बहुधा त्वचेपुरता असतो आणि वयात येईपर्यंत पुष्कळांचे डाग विरतात. हेच डाग मोठ्या माणसाला असतील तर अस्थिमज्जेची तपासणी सहसा करावी लागते. डाग सारखेच, पण वयाने वाट बदलते.

काकांचं प्रकरण लांबलं. चट्टे नेमके उन न लागणाऱ्या भागांवर, कडा वेड्यावाकड्या, कातडी मधूनमधून पातळ आणि सुरकुतलेली. डॉक्टरांना मायकोसिस फंगॉइडिसचा संशय आला. नावात बुरशी आहे, पण बुरशीशी संबंध नाही. हा त्वचेतल्या टी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, संथ लिम्फोमा, एक कर्करोग. सुरुवातीला तो हुबेहूब एक्झिम्यासारखा दिसतो, एका बायॉप्सीत सापडेलच असंही नाही. म्हणून वेगवेगळ्या चट्ट्यांतून तुकडे घेतले. ‘पुन्हा कशाला टोचायचं?’ असं काका म्हणत होते, पण पुन्हा बायॉप्सी म्हणजे आधीची चुकली असं नव्हे. जुना ब्लॉक आणि नवे तुकडे शेजारी ठेवून बघितल्यावरच पॅथॉलॉजीवाल्यांनी नाव दिलं.

फोड येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. साध्या बायॉप्सीचा तुकडा फॉर्मलिन या टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात जातो, पण इम्युनोफ्लुओरेसन्ससाठीचा (चमकणाऱ्या रंगाने कातडीतली प्रतिपिंडं शोधायची तपासणी) दुसरा तुकडा फोडाच्या शेजारच्या चांगल्या कातडीतून घेतात आणि तो फॉर्मलिनमध्ये पडला की वाया जातो. बायॉप्सी होण्याआधीच ‘दोन्ही घेणार का?’ असं विचारून घ्या. फोड जितका ताजा तितकं बरं, त्यामुळे नवा फोड आला की वाट बघत बसू नका, कळवा.

मोठ्या विभागात अवघड रुग्णांना बरेच डॉक्टर एकत्र बघतात. पडद्याआड मूल उघडं आणि समोर डझनभर चेहरे, असं होऊ शकतं. मुलाला आधी सांगून ठेवा, सहज काढता येतील असे कपडे घाला, आवडतं खेळणं बरोबर असू द्या. ‘एका वेळी दोघं-तिघंच या’ असं म्हणायला संकोच करू नका. ताईने म्हटलं आणि लगेच ऐकलं गेलं. फोटो कशासाठी वापरणार हे वाचूनच संमतीपत्रावर सही करा. आणि आमच्यासारखी सावळी कातडी असेल तर ‘लाल झालंय’ असं सांगण्यापेक्षा बदल दाखवा. सावळ्या कातडीवर लाली जांभळट, राखाडी किंवा तपकिरी दिसते, आणि पुस्तकांतली बरीचशी चित्रं गोऱ्या कातडीची असतात.

काही गोष्टी अपॉइंटमेंटसाठी थांबत नाहीत. तापासोबत असे डाग, जे काचेचा पेला दाबल्यावरही फिके होत नाहीत. नवं औषध सुरू केल्यावर तोंड, डोळे सोलवटणं आणि कातडी निघणं. नवजात बाळाच्या अंगावर फोड. यांत थेट तातडीच्या विभागात जा.

परतण्याआधी निदानाचं पूर्ण नाव आणि टाळायच्या औषधांची यादी लेखी घ्या. भाच्याच्या कागदावर कोडीन आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबद्दल सावधगिरीची सूचना आहे, आणि भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला आधी कागद दाखवायला सांगितलंय. काकांना नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांचा, प्रकाशोपचार सुरू झाला. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, म्हणून घराजवळ ते यंत्र कुठे आहे हे तिथूनच विचारून घेतलं आणि जवळच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून आणली. तपासणीसाठी तेवढं अधूनमधून मोठ्या रुग्णालयात जायचंय, आणि त्याच्याही आधी मलमाबद्दल फोन करायचा आहेच.