घोड्यांवर पोट भरतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याबाहेर मी मुलांना घोडेस्वारी शिकवते, त्याला आता १६ वर्षं झाली. दर उन्हाळी सुट्टीत कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, घोड्यांवर पोट भरतं का हो? आणि तेही बाईमाणसाचं?" मागच्या महिन्यात एका दहावीतल्या मुलीच्या आईने विचारलं. मुलगी कुंपणापाशी घोडीला गाजर भरवत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात. नेमका तेव्हा नालबंद येऊन उभा होता, त्यामुळे त्यांना मी धड काही सांगितलं नाही. ते राहून गेलेलं उत्तर आज त्या आईलाच देते.

ते माझ्यापासून सुरू होत नाही. ते सुरू होतं अमेरिकेतल्या मोंटानात, हेलेना शहराच्या उत्तरेला. तिथे निजलेल्या माणसासारखा दिसणारा एक डोंगर आहे, त्याच्या परिसरातल्या एका रँचवर १८८७ साली फॅनी स्पेरी जन्मली. रँच म्हणजे आपली शेतीवाडी नव्हे. मैलोन्‌मैल कुरण, गुरं, घोडे, आणि कुठेही जायचं तर घोड्यावरूनच. अशा घरात मुलीला घोडा येणं यात कौतुकाचं काही नसतं. आपल्याकडे भाकरी थापता येते, तसंच ते. फॅनीचं वेगळेपण असं, की तिला न शिकलेला, अंगावर येणारा घोडा जास्त आवडायचा. रंगात म्हणाल तर अबलख, म्हणजे पांढऱ्यावर दुसऱ्या रंगाचे पट्टे असलेला. आयुष्यभर तिचा जीव अबलख घोड्यांवर होता.

आपल्याकडे रानटी घोडा वठणीवर आणणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. शब्द पुरुषाचा आहे, पण फॅनी विशीच्या आतच चाबूकस्वार झाली होती. विशीच्या आसपास ती घोडे बदलत पळायच्या रिले शर्यतींतही धावली. १९१२ च्या सप्टेंबरात कॅनडातल्या कॅल्गरीला पहिलं स्टॅम्पीड, म्हणजे घोडे-गुरांच्या खेळांचा मोठा मेळा, भरलं. तिथे तिच्या वाट्याला आलेल्या घोड्याचं नाव रेड विंग. याच घोड्याने त्याच मेळ्यात थोड्याच दिवसांपूर्वी जो लमार नावाच्या स्वाराला पाडून, तुडवून मारलं होतं. फॅनी त्याच्यावर बसली आणि टिकली. जगातली सर्वोत्तम स्त्री-स्वार म्हणून १००० डॉलर, नक्षीचं खोगीर आणि सोन्याचं बक्कल घेऊन घरी आली. पुढच्या वर्षी विनिपेगला तो किताब तिने राखला.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्या दृष्टीने सगळी फॅनी तिच्यात आहे. उसळणाऱ्या घोड्यावर रिकिबी, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कड्या, वाऱ्यावर भिरकावल्या जातात आणि पाय सुटतो. म्हणून त्या काळच्या बहुतेक स्त्री-स्वार दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून वादीने एकमेकींना बांधून घेत. मांड पक्की बसते, पण घोडा कोसळला तर पाय सुटत नाही. फॅनीने रिकिबी कधी बांधल्या नाहीत. पुरुष बसत तशीच, मोकळ्या रिकिबींत, निव्वळ मांड्यांच्या आणि तोलाच्या जोरावर ती बसायची. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेतल्या पेंडल्टनच्या रोडिओत, म्हणजे अशाच घोडे-गुरांच्या खेळांत, बॉनी मॅकॅरोल ही स्वार पडली, पाय बांधलेल्या रिकिबीत अडकून फरपटली आणि त्या जखमांनी गेली. त्यानंतर पेंडल्टनने स्त्रियांची ही स्पर्धाच बंद केली. हळूहळू बाकी ठिकाणीही दार लागलं. रिकिबी बांधायची पद्धत बंद करायची सोडून बायकांनाच बंद केलं, याचा मला आजही राग येतो.

पण तुमचा प्रश्न पोटाचा आहे. बक्षिसाच्या १००० डॉलरवर कोणाचा जन्म जात नाही. १९१३ मध्ये फॅनीने बिल स्टीलशी लग्न केलं, तोही रोडिओतलाच. काही वर्षं दोघांनी स्वतःचा खेळ घेऊन गावोगाव फिरत कमाई केली. त्यात ती बंदूकही चालवायची, बिलच्या हातातली वस्तू नेम धरून उडवायची. मग त्यांनी ब्लॅकफूट नदीच्या खोऱ्यात रँच घेतलं. तिथे जे उभं राहिलं, त्याला मी धंदा म्हणते. शिकारीला येणाऱ्या शहरी लोकांना डोंगरात न्यायचं, त्यांना घोडे द्यायचे, तंबू, शिधा, भांडी जनावरांवर लादायची, आठ-दहा दिवस त्यांना सांभाळायचं, आणि एल्क, म्हणजे तिथलं मोठं हरीण, मिळालं तर त्याचं मांस खाली आणायचं. रोडिओचं दार लागलं तेव्हा फॅनी बाहेर ताटकळत नव्हती. तिचं बस्तान आधीच बसलं होतं.

मी ओझं लादायला शिकले ती भाच्याकडे मोंटानाला गेले तेव्हा. तोवर मला वाटायचं, दोरी आवळली की झालं. एका म्हाताऱ्या वाटाड्याने मला दोन पेट्या भरायला लावल्या आणि काट्यावर टांगल्या. एक बाजू दोन किलोने जड निघाली. मी म्हटलं, दोन किलोने काय होतंय? त्याने पेट्या तशाच चढवल्या आणि घोडा चढणीवर नेला. पाव तासात खोगीर एका अंगाला सरकलं होतं. उतरवून बघितलं तर खालचे केस उलटे फिरले होते, कातडी तापली होती. आणखी तासभर चाललो असतो तर पाठ सोलवटली असती. पाठ सोलवटली की जनावर महिनाभर बसून खातं. मग त्याने दोन्ही बाजू सारख्या करून वरून दोरी अशी फिरवली की मधोमध पत्त्यातल्या चौकटसारखा आकार आला. एक टोक ओढलं की चारी कोपरे एकदम आवळले जातात. फॅनीने हे काम हंगामामागून हंगाम केलं. रेड विंगवरच्या काही क्षणांसाठी लोक तिला ओळखतात. मी तिला मानते ती पेट्यांसाठी.

१९४० मध्ये बिल गेला. फॅनी ५३ वर्षांची होती. विकून टाक आणि शहरात जा, असा सल्ला कोणालाही सुचला असता. तिने पुढे जवळजवळ २५ वर्षं धंदा एकटीने चालवला. शिकारी वाटाड्याचा परवाना मिळवणाऱ्या मोंटानातल्या पहिल्या काही बायकांत ती होती. सत्तरी उलटलेली बाई बर्फातून घोड्यांना चारा घालत होती आणि हंगाम आला की पाहुण्यांना डोंगरात नेत होती. १९७५ मध्ये रोडिओवाल्यांनी तिला त्यांच्या मानाच्या यादीत घेतलं, १९७८ मध्ये काउगर्ल हॉल ऑफ फेमने. १९८३ मध्ये ती गेली, ९५ वर्षांची होऊन.

आता माझं. सुरुवातीला कर्जासाठी एका बँकेत गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?" कर्ज मिळालं नाही. दोन घोड्या आईच्या बांगड्यांवर आल्या. २०२० च्या टाळेबंदीत शिकवण्या बंद, रपेट बंद, पण चंदी, म्हणजे घोड्यांचा दाणा, चालू. घोड्याला सुट्टी कळते, उपास कळत नाही. त्या वर्षी लीदखत विकलं, लोकांचे घोडे सांभाळायला घेतले, एक खोगीर विकलं. सहाच्या सहा घोडे माझ्याकडेच राहिले. आज महिन्याची जुळणी होते. कधी काठावर होते, पण होते.

तेव्हा हो, पोट भरतं. आधी त्यांचं, मग आपलं, याच क्रमाने. तुमच्या मुलीची मांड चांगली आहे, ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं. पण तिच्या मनात खरंच हे असेल तर तिला रविवारी पाठवू नका, सोमवारी पाठवा. सोमवारी रपेट नसते. लीद काढायची, खरारा करायचा, चारही खूर उचलून साफ करायचे, चंदी भिजवायची आणि महिन्याचा हिशेब वहीत मांडायचा. सकाळी सहाला. जुने कपडे घालून.