फाटकापर्यंत चालणारा फोन

घरातल्या फोनची जागा पूर्वी एकदा ठरली की ठरली. टेलिफोन खात्याचा लाइनमन खांबावरची वायर खिडकीच्या चौकटीतून आत घेऊन ज्या भिंतीवर ती चौकोनी पांढरी डबी ठोकून जाई, तिथेच त्या घराचे पुढच्या पिढीभराचे बोलणे होत असे. सोलापुरात साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंतच्या घरांत ही डबी बहुधा बाहेरच्या खोलीतच असायची, कारण फोन एका घराचा असला तरी त्यावर बोलणारे सगळ्या गल्लीतले असत. लग्नपत्रिकेवर स्वतःच्या नावापुढे शेजाऱ्याचा नंबर आणि कंसात ‘पी. पी.’ असे छापणारी माणसे त्या काळी कमी नव्हती. त्यांचा फोन आला की घरातले एखादे पोर हाक मारायला धावत सुटे, आणि तोवर पुण्या-मुंबईचा माणूस तिकडच्या बूथमध्ये वाढत्या आकड्याकडे बघत थांबलेला असे. अशा फोनवर लोक उभ्याने, मोठ्याने आणि मुद्द्याचेच बोलत. पिळाची वायर हातभर ताणली जाई, तेवढेच स्वातंत्र्य.

ती वायर काढून टाकावी हा विचार तसा बराच जुना आहे. जॉर्ज स्वाइगर्ट या अमेरिकन हौशी रेडिओचालकाला अशा बिनतारी फोनचे पेटंट १९६९ साली मिळाले. आमच्या गल्लीत मात्र कॉर्डलेस फोन दिसू लागला तो नव्वदच्या दशकात, आणि तोही सूतव्यापाऱ्याच्या घरी. हातभर लांबीची चकचकीत अँटेना बाहेर ओढून, झोपाळ्यावर बसून बोलणारा माणूस पाहिला की फोनपेक्षा त्या अँटेनाचाच रुबाब वाटायचा. त्या पिढीतले पुष्कळ फोन ४६ आणि ४९ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालत आणि आवाज जसाच्या तसा हवेत सोडून देत, त्यामुळे एकाच गल्लीत तसे दोन फोन आले की गंमत सुरू होई. आपण मामाला फोन लावायला जावे आणि कानात शेजारच्या घरातला सुताचा भाव ऐकू यावा, तोही तेलुगूतून, असे खुशाल घडायचे. सोलापुरात तीन भाषा सगळ्यांनाच थोड्याथोड्या कळतात, त्यामुळे ‘आम्हाला काही समजले नाही’ ही सबबही कोणाला देता येत नसे.

आजचे कॉर्डलेस फोन हे उद्योग करत नाहीत. त्यांतल्या बहुतेकांच्या खोक्यावर ‘डेक्ट’ अशी अक्षरे असतात. हे मानक युरोपात १९९०च्या दशकाच्या आरंभी तयार झाले. त्यात आपला आवाज आधी आकड्यांत रूपांतरित होतो. प्रत्येक सेकंदाचे शंभर भाग पडतात आणि प्रत्येक भागात चोवीस कप्पे असतात, त्यांपैकी बारा बेसकडून, म्हणजे वायरला जोडलेल्या बैठकीकडून, हँडसेटकडे, म्हणजे हातातल्या फोनकडे, जाण्यासाठी आणि बारा परतीसाठी. एका संभाषणाला त्यातला एक जाण्याचा आणि एक येण्याचा कप्पा मिळतो, आणि मागावरचा धोटा जसा क्षणात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरून कापड सलग विणतो, तसे हे तुकडे इतक्या झपाट्याने येजा करतात की ऐकणाऱ्याला तुकडे जाणवतच नाहीत. कोणता मार्ग मोकळा आहे हे फोन स्वतःच शोधून घेतो, बेस आणि हँडसेट एकमेकांची ओळख पटवल्याशिवाय बोलत नाहीत, आणि बोलणे सांकेतिक करून पाठवण्याची सोयही त्यात असते. सुताचा भाव आता ज्याचा त्याच्याकडे राहतो.

आमच्या घरी कॉर्डलेस आला तो आईच्या गुडघ्यांमुळे. मोबाइल तिच्याकडे आहे, पण तो तिच्या मते तिचा नसून नातवंडांचा आहे. तिचे सगळे जग लँडलाइनचा नंबर धरून आहे. सोलापूरचा कोड ०२१७ आणि पुढे तिला झोपेतही आठवणारे आकडे, असा तो नंबर पंढरपूरच्या मावशीपासून हैदराबादला गेलेल्या जुन्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या वहीत आहे. रिंग वाजली की ती स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेरच्या खोलीकडे निघते, मध्ये दोन उंबरे लागतात, आणि ती पोचेपर्यंत रिंग थांबते. मग ‘कोणाचा असेल गं?’ या एका प्रश्नावर दुपार जाते. त्यामुळे दोन हँडसेटांची जोडी आणली. एक बेससह बाहेर, दुसरा नुसत्या चार्जिंग स्टँडसह स्वयंपाकघराच्या फडताळावर.

जोडणीचे काम म्हणाल तर त्यात फारसे काही नाही. आमच्याकडे तांब्याची वायर जाऊन फायबर आले आहे, तेव्हा बेसची वायर भिंतीवरच्या जुन्या डबीत न जाता फायबरच्या पेटीमागे फोनचे चित्र असलेल्या खाचेत जाते. जिथे अजून तांब्याच्याच वायरीवर इंटरनेटही चालते, तिथे मध्ये स्प्लिटर, म्हणजे बोलणे आणि इंटरनेट वेगळे करणारी छोटी डबी, बसवावा लागतो, नाहीतर बोलताना कानात सतत सळसळ ऐकू येते. जोडीने विकत घेतलेले हँडसेट कारखान्यातूनच आपल्या बेसशी ओळख करून येतात. पुढे एखादा जादा हँडसेट आणला, तर बेसवरचे बटण काही सेकंद दाबून धरायचे, हँडसेटच्या मेनूत नोंदणीचा पर्याय निवडायचा आणि विचारल्यास पिन द्यायचा, जो बहुधा चार शून्यांचा असतो.

बॅटऱ्यांबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहिणे भाग आहे. हँडसेटच्या पाठीमागचे झाकण सरकवले की आत बारीक पेन्सिल सेलांच्या आकाराच्या दोन बॅटऱ्या दिसतात, आणि त्या दिसायला सेलांसारख्याच असल्यामुळे घरातल्या कोणाला तरी घड्याळाचे सेल तिथे घालण्याचा मोह होतोच. त्या पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइडच्या, प्रत्येकी १.२ व्होल्टच्या असतात. साधा सेल तिथे घालून स्टँडवर ठेवला तर तो गळू किंवा फुटू शकतो. पहिल्या वेळी त्या बराच वेळ, काही पुस्तिकांप्रमाणे तब्बल सोळा तास, चार्ज करायला सांगितलेल्या असतात. नवा फोन घरात आला आहे आणि त्याला उद्यापर्यंत हात लावायचा नाही, हा नियम लहान मुलांना सांगून पाहावा. आमच्या घरात मुलांपेक्षा आईच अधिक अस्वस्थ होती. ‘एकदा लावून तरी बघू, मावशीला सांगू की आला फोन’ असे तिने रात्री जेवताना दोनदा सुचवले.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पुस्तिकेत शेवटच्या पानावर असते आणि सोलापुरात ती पहिल्या पानावर असायला हवी. स्टँडच्या खोबणीत धातूच्या दोन छोट्या पट्ट्या असतात आणि हँडसेटच्या बुडाशी त्यांच्या जोडीच्या दोन. त्या एकमेकींना टेकल्या तरच चार्जिंग होते. आमच्या मागच्या बाजूला यंत्रमाग आहेत. टॉवेलाच्या सुताचे तंतू हवेतून येऊन खिडकीच्या जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर आणि या पट्ट्यांवरही अलगद बसतात. आठ-दहा दिवसांनी कोरड्या फडक्याने पट्ट्या पुसाव्यात, नाहीतर रात्रभर स्टँडवर बसलेला हँडसेट सकाळी रिकाम्या पोटीच उठतो.

फोन किती लांबवर चालतो, ही चाचणी घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने घेतली. उघड्यावर ३०० मीटर आणि घरात ५० मीटर असे साधारण सांगितले जाते. पण ते सांगणाऱ्याने जुन्या सोलापुरातली दगडी भिंत पाहिलेली नसावी. आमच्या मधल्या खोलीची भिंत दीड हात जाडीची आहे आणि तिला टेकून लोखंडी कपाट उभे आहे. त्या कपाटाच्या पलीकडे गेले की आवाज तुटू लागतो. बेस कोपऱ्यातून काढून दाराजवळच्या उंच कोनाड्यात ठेवल्यावर फोन माळवदावर चालू लागला, परसात चालू लागला आणि पुढच्या बाजूला थेट फाटकापर्यंत पोचला. फाटकाबाहेर कडुनिंबापर्यंत तो कसाबसा बोलतो आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी टूं टूं करून हार मानतो.

मला ही मर्यादा आवडते. मोबाइल माणसाबरोबर कुठेही जातो, आणि म्हणून ‘कुठे आहेस?’ या प्रश्नाने त्यावरचे बोलणे सुरू होते. कॉर्डलेस घरभर फिरतो, पण घर सोडत नाही. त्यावर कोणी बोलत असेल तर ते माणूस घरात आहे, हे गृहीतच असते. रिंग वाजली की ती एकाची नसते. जो जवळ असेल तो उचलतो, चार शब्द बोलतो आणि मग ज्याच्यासाठी फोन असेल त्याच्या हातात देतो. पूर्वीच्या वायरच्या फोनमध्ये हे होते, पण त्या फोनने माणसाला खांबाला बांधल्यासारखे एका जागी उभे केले होते. तो जाच गेला आणि घरपण राहिले, असा हा मधला टप्पा मला फार समजूतदार वाटतो. तो थोडाच काळ टिकला आणि लोक सरळ मोबाइलवर गेले, याचे मला अजूनही जरा वाईट वाटते.

वायर गेल्यावर बोलण्याची तऱ्हाही बदलली. पाण्याच्या दिवशी याचा प्रत्यय येतो. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि त्याची वेळ नळालाच ठाऊक असते. त्या दिवशी आई हौदाजवळच्या पायरीवर बसते, नळी एका पिंपातून दुसऱ्यात सरकवते आणि खांदा वर करून कानाशी हँडसेट धरून पलीकडच्या गल्लीतल्या पद्माक्कांशी बोलते.

‘अक्का, तुमच्याकडं आलं का हो पाणी?’

‘आलंय की, पण दाबच नाही बघा. मोटर लावलीय कोणीतरी.’

यानंतर ती मोटर कोणाची असावी यावर दोन पिंपे भरेपर्यंत चर्चा होते. पूर्वी हेच बोलायचे तर नळ सोडून आत जावे लागे, आणि कोणतीही शहाणी सोलापूरकरीण पाण्याच्या दिवशी नळ सोडून आत जात नाही. हँडसेटवर पाणी उडू नये म्हणून तिने त्याला प्लास्टिकची पिशवी घातली आहे. पिशवीतून बटणे नीट दिसत नाहीत, पण तिला ती पाहावी लागत नाहीत.

उन्हाळ्यात त्याला वेगळे जपावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, माळवदावर कुरडया आणि पापड वाळत असतात, राखणीला बसलेले माणूस फोन बरोबर नेते आणि पाटीखाली सावलीत ठेवते. सावली सरकते; फोन तिथेच राहतो. त्या उन्हात बॅटरीचे आयुष्य झपाट्याने कमी होते. हँडसेट कुठे राहिला हे कळत नसेल तर बेसवरचे शोधण्याचे बटण दाबले की तो असेल तिथून वाजू लागतो. आमच्याकडे तो आजवर ज्वारीच्या डब्यामागून, देवघरातून आणि धुवायच्या चादरींच्या गाठोड्यातून वाजलेला आहे. एका हँडसेटवरून दुसऱ्यावर बोलण्याची सोयही आहे, तिचा उपयोग मुख्यतः ‘जेवायला खाली या’ एवढ्यासाठीच होतो. वास्तविक हाक मारली तरी ऐकू येते, पण वर असलेल्या नातवाला हाकेपेक्षा रिंग लवकर ऐकू येते, असे आईचे निरीक्षण आहे.

नंबर साठवताना मात्र वेळ गेला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, त्यामुळे वहीतला प्रत्येक मोबाइल नंबर शून्य जोडूनच भरावा लागला. शिवाय फोनच्या यादीत नावे इंग्रजी अक्षरांत, आणि आईचे इंग्रजी म्हणजे एसटीच्या पाटीवरचे आकडे. तेव्हा यादीचा नाद सोडून एकेका अंकाच्या बटणावर एकेक माणूस बसवले आणि तो कागद मोठ्या अक्षरांत लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. दोनवर मावशी, तीनवर पद्माक्का, चारवर डॉक्टर. पहिले बटण कोणाचे, यावर घरात थोडी चढाओढ झाली. ते गॅसवाल्याला मिळाले.

या सगळ्या सुखाला एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वायरच्या जुन्या फोनला घरातली वीज लागत नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट तांब्याच्या वायरीतून थेट घरापर्यंत येत आणि त्यावर तो चालत असे. भारनियमनाच्या दिवसांत अंधारात पंखा, दिवा, टीव्ही सगळे बंद पडत, पण फोन चालू असे आणि त्यावरून ‘तुमच्याकडं आहे का लाइट?’ असे विचारता येई. कॉर्डलेसच्या बेसला भिंतीतली वीज हवी. हँडसेटमध्ये बॅटरी असली तरी बेसच बंद असल्यावर तो कोणाशी बोलणार? त्यात फायबर आल्यावर ती पेटीही विजेवरच चालते. म्हणजे तांब्याच्या काळात निदान एक जुना वायरचा फोन सोबत जोडून ठेवता येई, आता तोही उपाय उरला नाही. वीज गेली की फोन गेला.

आईला हे मान्य नव्हते. ज्या फोनवर वीज गेल्याचे सांगता येत नाही, तो फोन कसला, असे तिचे म्हणणे. इलेक्ट्रिशियनला बोलावून इन्व्हर्टरवर चालणाऱ्या बोर्डात तिने फायबरची पेटी आणि बेस असे दोन्ही बसवून घेतले; पण त्या बोर्डात जागा दोनच, त्यामुळे टीव्हीचा प्लग काढावा लागला. सामना रंगात आलेला असताना वीज गेली की मुलगा त्या बोर्डाकडे आशेने बघतो, आई स्टँडवरचा हँडसेट उचलून तीनचे बटण दाबते, आणि मग पुढचा अर्धा तास त्या प्लगाला हात लावण्याची कोणाची छाती होत नाही.