पाठीवरच्या पट्ट्या

"जळजळतंय की चुणचुणतंय?" तपासणाऱ्या ताईंनी विचारलं आणि मला पटकन उत्तर सुचेना. इतक्या बारकाईनं कुणी कधी विचारलंच नव्हतं. 'संवेदनशील त्वचेसाठी' असं लिहिलेली कितीतरी क्रीम लावून मी चेहरा लाल करून घेतला आहे. म्हणूनच एका नव्या मॉइश्चरायझरच्या चाचणीत नाव दिलं होतं.

पहिल्या दिवशी निवड. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीत एका बाजूला लॅक्टिक ॲसिडचं द्रावण, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. कुठे काय, ते सांगत नाहीत. अडीच आणि पाच मिनिटांनी चुणचुणीला शून्य ते तीन गुण द्यायचे. डाव्या गालाला मी तीन दिले. आरशात पाहिलं तर लालीचा मागमूस नाही! 1944 सालच्या ड्रेझ चाचणीत सशाची कातडी भादरून तिच्यावर पदार्थ लावायचे आणि लाली, सूज मोजायचे. माझा त्रास तर दिसतच नव्हता, मी बोलले म्हणून कागदावर आला. इतक्या सशांनी सोसलं, आणि माझ्यासारखीचा प्रश्न त्यातून सुटणारच नव्हता. हे मला फार लागलं.

संमतिपत्रावर सही करण्याआधी मी विचारलं, माझ्या आधी हे कशावर तपासलं? शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी वाढवून तिचा पातळ थर तयार करतात. त्यावर पदार्थ लावायचा, धुवायचा आणि नंतर एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी तगल्या, तर पदार्थ दाहक. ॲलर्जीचं गणित वेगळं. तिथे रसायन आधी त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं, मग पेशी सावध होतात. म्हणून एका चाचणीवर न विसंबता दोन-तीन जोडून निष्कर्ष काढतात. हे समजल्यावरच मी सही केली.

पुढचे तीन आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार. क्रीम लावलेल्या एकूण 9 पट्ट्या, पाठीवर त्याच जागी, प्रत्येक 24 तास. पाठ भिजवायची नाही. पाचव्या पट्टीनंतर अशी खाज सुटली की मी घाबरून फोन केला. बोलावून पाहिलं, तर लाल चौकट फक्त कडेला होती आणि मधली जागा स्वच्छ. शेजारच्या, क्रीम नसलेल्या पट्टीभोवतीही तशीच चौकट! दोष चिकटपट्टीचा निघाला. ती बदलली.

मग दोन आठवडे काहीच नाही. ॲलर्जी शरीरात मुरायला वेळ लागतो, म्हणून ही सुट्टी. मला तीच जड गेली. रोज पाठ चाचपायचे.

शेवटची पट्टी नव्या, कोऱ्या जागी लावली. 48 तासांनी पाहिलं, 96 तासांनी पुन्हा पाहिलं. दोन्ही वेळा शून्य.

"आणि तुम्हाला काय जाणवलं?"

लावल्यावर पहिली दहा मिनिटं हलकी चुणचुण होती, मी म्हणाले. ताईंनी शून्याशेजारी तेही लिहून घेतलं.