आदी पाणी प्या

आमच्या वसईत उरलेलं पाणी फेकून देण्यात कुणाला काही वाटत नसे. घरामागे बावखल म्हणजे छोटं तळं, अंगणात विहीर, केळीच्या बुंध्याशी बारमाही ओल. पाहुण्याने अर्धा ग्लास ठेवला की आई बसल्या जागेवरून तो जास्वंदीत भिरकावायची. हीच सवय घेऊन मी संभाजीनगरात उतरलो. (जुनी माणसं अजून औरंगाबादच म्हणतात, रिक्षावाले गिऱ्हाईक पाहून दोन्ही.)

सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, तत्त्वज्ञान संपलं की ईशज्ञान सुरू व्हायच्या आधी लोकांत जाऊन राहायचं असतं, त्याला रीजन्सी म्हणतात. माझ्या वाट्याला आली एक जुनी सायकल, पत्र्याची खोली, संध्याकाळी पाचचा गणिताचा वर्ग आणि ‘ब्रदर’ ही पदवी. गल्लीने आठवड्याभरात तिला आपापलं शेपूट जोडलं. अलीकडच्या घरांत मी ब्रदरभाऊ, पलीकडच्या घरांत ब्रदरभाई. म्हणजे दोन्हीकडे भाऊच, तोही दोनदा.

तिसऱ्या दिवशी एका आजीच्या नातीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला गेलो. आजीने दाराशी ओळीने ठेवलेल्या निळ्या ड्रमांपैकी शेवटच्याचं फडकं सोडलं, झाकण उचललं, ओणवून तांब्या बुडवला आणि ग्लास भरून पुढे केला. मी दोन घोट घेतले आणि बोलता बोलता उरलेलं अंगणात भिरकावलं.

आजी काही बोलली नाही. ती फरशीकडे बघत राहिली. उन्हाळा होता, डाग बघता बघता कडेकडेने आकसला. नात मात्र बोललीच, “नळ मंगळवारी आलता. आता कधी येतो काय माहीत.” त्या दिवशी शनिवार होता.

मी अर्ज भरला, पण रकाना चुकवला. दुसरा फॉर्म आणावा लागला.

आमच्याकडे टँकर म्हणजे गावच्या विहिरीतलं पाणी उपसून शहराकडे नेणारा. फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या लढ्याच्या गोष्टी ऐकत मी वाढलो, त्यामुळे टँकर दिसला की कपाळावर आठी यायची. इथे टँकर वळणावर दिसला की बायका हंडे घेऊन धावतात, पोरं टाळ्या वाजवतात. तेच पत्र्याचं पिंप, तीच गळकी तोटी. पहिला महिनाभर माझी आठी आपोआप येत होती, मग बंद झाली.

या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं, पन्नासेक किलोमीटर चढून. धरणाच्या जलाशयाला नाव नाथसागर. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी करणाऱ्या एकनाथांचं. मला हे नाव फार आवडतं. नळ आठवड्याने येतो तेव्हा मात्र नाथांची आठवण काढणारं कुणी भेटत नाही, त्या वेळी तोंडात येणारी नावं वेगळी असतात.

सुट्टीच्या सोमवारी मी पाणचक्कीच्या हौदाशी जाऊन बसतो. डोंगरातलं पाणी खापराच्या नळांनी तिथवर आणलं होतं आणि त्यावर दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी पीठ दळलं जाई. दर्गा बाबा शाह मुसाफिरांचा. मध्य आशियातून आलेला माणूस, आणि नावातच मुसाफिर. त्याआधी १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवून तिला नहर देणारा मलिक अंबरही हबशी, म्हणजे पार आफ्रिकेतला. वसई त्या मानाने शेजारची आळी झाली.

“किती जणांना बाटवलं?” असं मला एका चहाच्या टपरीवर विचारून झालंय. मी म्हणालो, “सध्या अपूर्णांकांतच अडकलोय.” तो हसला नाही, पण चहाचे पैसे त्यानेच दिले.

रमजानात एका घरी आजारी मुलाला घाटी रुग्णालयात न्यायला गेलो. घरात सगळ्यांचे रोजे. तरी मुलाची आई ग्लास घेऊन आली. मी हात मागे घेतला तर म्हणाली, “रोजा हमारा है, तुम्हारा थोडीच! पियो.” तिच्या सुकलेल्या ओठांसमोर ते पाणी पिणं मला फार जड गेलं. खाली थेंब ठेवला नाही.

आणि नागसेनवनाजवळचे ते आजोबा. बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं त्याच भागात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. दारात पाऊल ठेवलं की म्हणतात, “आदी पाणी प्या, मंग बोला.” ग्लास देतात आणि मी पहिला घोट घेईपर्यंत माझ्याकडे बघत राहतात. सुरुवातीला मला वाटायचं, पाणी गार आहे का ते विचारायचं असेल. मग एकदा भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७. तेव्हापासून मी त्यांच्याकडे ग्लास लगेच तोंडाला लावतो.

शुभवर्तमानात येशू विहिरीवर शोमरोनी बाईला म्हणतो, “मला प्यायला दे.” सेमिनरीत या उताऱ्यावर मी दहा पानं लिहिली होती. त्यात जिवंत पाणी होतं, मूळ ग्रीक शब्द होते. भर दुपारी चालून चालून त्याचा घसा खरंच कोरडा पडला असेल, एवढंच तेवढं राहून गेलं होतं.

आता मी ग्लास हातात घेण्याआधीच म्हणतो, “आजी, अर्धाच द्या.” ती भरूनच देते.

परवा रात्री अडीचला गल्लीत आरोळी उठली, “नळ आला!” टिल्लू मोटरी घरघरू लागल्या. मी लुंगीवरच बाहेर आलो. आजीने पाइपचं तोंड माझ्या हातात दिलं आणि स्वतः दुसऱ्या ड्रमवरचं फडकं सोडायला वळली.

“ब्रदरभाऊ, धर नीट. सांडू नको.”

पलीकडच्या गच्चीवरून हाक आली, “ब्रदरभाई, उधर का हुआ तो इधर आना जरा!”

पहिला ड्रम अजून निम्माच भरला होता.