इल्मा म्हणजे पाणी

दिवाळीच्या फराळाला इथं मेलबर्नच्या मराठी मंडळात जमलो की कुणी ना कुणी विचारतंच, "तू दर मंगळवारी त्या माल्टीज लोकांकडे जातेस म्हणे? आपली माणसं सोडून तिकडं काय काम तुझं?" सांगलीची मावशीही फोनवर हेच विचारते, फक्त तिला आधी माल्टा कुठं आहे ते सांगावं लागतं. इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलंत, म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

माल्टा म्हणजे इटलीच्या सिसिलीखालचं भूमध्य समुद्रातलं छोटं बेट. आजूबाजूची बेटं धरूनही बृहन्मुंबईच्या निम्म्याएवढा देश. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. आणि माल्टाशी रक्ताचं नातं सांगणारी माणसं एकट्या ऑस्ट्रेलियात जवळपास दोन लाख! त्यातली बरीचशी इथं मेलबर्नच्या पश्चिमेला, सनशाइन, सेंट ऑल्बन्स, कीलर या भागात. आपली मराठी मंडळी आता टारनीट आणि पॉइंट कुकला घरं घेतात ना, त्याच्या अलीकडेच.

आम्ही या देशात आलो तेव्हा पहिली चार वर्षं सेंट ऑल्बन्सला भाड्यानं राहिलो. शेजारच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या. माल्टीजमध्ये आजीला नन्ना म्हणतात, म्हणून आम्हीही नन्नाच म्हणायचो. आल्या आठवड्यातच कुंपणावरून एक ताटली आली. तिच्यात गरम पास्तित्सी, खारीसारखे पापुद्रे सुटलेल्या, आत वाटाण्याचं सारण. मी शाकाहारी आहे हे त्यांनी आधी विचारून घेतलं होतं. मला त्या 'बिंती' म्हणायच्या. बिंती म्हणजे माझी मुलगी. दर दोन वाक्यांनी "मेला, मेला" म्हणायच्या, आणि पहिल्यांदा ते ऐकून मी दचकलेच, आपल्याकडं तो शब्द कुणाला उद्देशून वापरतात ते आठवून. त्यांच्यात मेला म्हणजे 'बरं तर', 'मग काय'.

हळूहळू शब्दांची गंमत कळत गेली. माल्टीज मुळात अरबी घराण्यातली भाषा, पण रोमन लिपीत लिहितात आणि निम्मेअधिक शब्द इटालियन वळणाचे. जगाला ते 'दिन्या' म्हणतात, आपली दुनिया. खोलीला 'काम्रा'. किल्लीला 'चावेट्टा', आणि आपली चावी पोर्तुगीजांकडून आलेली. त्यांचा 'ह्सीब' म्हणजे विचार, आपला हिशेब त्याच अरबी मुळातला. नन्ना एक शब्द सांगायच्या, मी माझा सांगायचे. कपडे वाळत घालता घालता आमचं असं चालायचं.

2020 च्या लॉकडाउनमध्ये आम्ही टारनीटला राहायला आलो होतो. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. नन्नांचा जीव एकटेपणानं कासावीस होईल या काळजीनं मी फोन केला, तर म्हणाल्या, "दहा वाजता करू नको हं, दहाला माझा फोन असतो." कुणाचा? तर त्यांच्या माल्टीज ज्येष्ठांच्या गटातली एक बाई रोज सकाळी दहाला फोन करायची. जेवलात का, औषध घेतलं का, रात्री झोप लागली का, आणि मग गावातल्या चर्चच्या, लोकांच्या गप्पा. आठवड्यातून एकदा जेवणाचे डबे दारात ठेवून जायचे. फोन करणाऱ्या त्या बाई स्वतःही साठीपुढच्या. लॉकडाउन संपल्यावर मी त्यांना भेटायला म्हणून त्या गटात गेले आणि तिथलीच झाले.

आता मंगळवारी नेमकं काय असतं ते सांगते. सकाळी साडेनऊला मिनीबस घरोघरून माणसांना घेऊन येते. वॉकर घडी करून मागं ठेवायचे, हात धरून पायरी उतरवायची. हॉलमध्ये आधी चहा, काचेच्या ग्लासात, घट्ट दुधाचा. त्यांच्याकडं चहा असाच ग्लासात पितात, आपल्या कटिंगसारखा. मग खुर्चीवर बसून व्यायाम, मग तोंबला. तोंबला म्हणजे आपला तंबोलाच. आकडे माल्टीजमध्येच पुकारायचे, हा कडक नियम. एकदा पुकारणाऱ्या आजोबांचा घसा बसला आणि पिशवी माझ्या हातात आली. तेव्हा लक्षात आलं की त्यांचे आकडे आपल्यासारखेच उलटे: बावीस म्हणजे 'त्नेय्न उ ओश्रीन', दोन आणि वीस. पस्तीस म्हणजे 'हम्सा उ त्लेतीन', पाच आणि तीस. इंग्रजीत वाढलेल्या त्यांच्याच नातवंडांची तिथं गडबड होते, माझ्या तोंडात मात्र तो क्रम लहानपणापासून बसलेला. त्या दिवशी कोपऱ्यात नेहमी गप्प बसणाऱ्या एक आजी उठून आल्या आणि माझा गालगुच्चा घेऊन गेल्या.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्या माणसांना खेळवतात, एवढंच. तसं नाही. कोण दोन मंगळवार आलं नाही, कुणाचे कपडे सैल झालेत, कुणी आपलं तिकीट वाचण्याऐवजी शेजारच्याकडं बघतंय म्हणजे डोळ्यांचं काहीतरी आहे, हे सगळं त्या तोंबल्याच्या टेबलावर कळतं. डॉक्टरांकडं जाण्याआधी कळतं.

यामागं मोठा इतिहास आहे आणि तो मलाही तिथंच समजला. 1916 साली 'गांज' नावाच्या फ्रेंच बोटीतून 214 माल्टीज पुरुष कामाच्या शोधात इथं आले. ते ब्रिटिशांची प्रजा होते, तेव्हा आपण होतो तसेच. पण ऑस्ट्रेलियात त्या वेळी एक कायदा होता: नको असलेल्या माणसाला अधिकाऱ्यानं कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचं श्रुतलेखन घालायचं, नापास झाला की परत पाठवायचं. आपली माणसंही याच कायद्यानं बाहेर राहिली. या माल्टीज लोकांची परीक्षा डच भाषेत घेतली! सगळे नापास. त्यांना न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच बेटावर नेलं, परत सिडनीला आणून एका जुन्या बोटीवर डांबून ठेवलं, आणि 1917 मध्ये कुठं उतरू दिलं. तेही त्यांच्यासाठी भांडणारी माणसं किनाऱ्यावर होती म्हणून.

दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावानं बेट खिळखिळं झालं. 1948 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि माल्टा यांच्यात करार होऊन सवलतीच्या भाड्यानं लोक यायला लागले, बोटीवर जवळजवळ महिना काढून. कुणी क्वीन्सलँडच्या उसात गेलं, कुणी इथं सनशाइनच्या कारखान्यांत. प्रत्येक गावाचे लोक आपापली मंडळं काढत गेले. कुणाचा बँड, कुणाचा फुटबॉल, कुणाच्या गावदेवतेची मिरवणूक. लालबाग-गिरगावात कोकणातल्या चाकरमान्यांची गावमंडळं असायची, धोबीतलावला गोव्याच्या गावागावांच्या कूड असायच्या, अगदी तसं. नव्यानं आलेल्याला झोपायला जागा, कामाची ओळख, कुणी गेलं तर खांदा द्यायला चार माणसं. मग 1958 मध्ये व्हिक्टोरियातल्या या मंडळांची मिळून एक परिषद झाली, तिचं केंद्र आता पार्कव्हिलला आहे.

1981 च्या जनगणनेत माल्टात जन्मलेले सुमारे 57 हजार लोक ऑस्ट्रेलियात होते. 2021 मध्ये ते 35 हजारांच्या आसपास उरले, आणि त्यातले बरेचसे आता म्हातारे. नवीन कुणी फारसं येत नाही. म्हणजे मंडळं ज्यांनी तरुणपणी नाचण्या-खेळण्यासाठी काढली, त्यांच्याच म्हातारपणाची ती आता काठी झालीत. सरकारी मदत मिळते, पण हॉल, बस, यादी, एकमेकांवरचा विश्वास हे आधीपासून होतं म्हणून ती मदत माणसापर्यंत पोचते.

विश्वासाचं सांगते. इथं पासष्टीनंतर घरकामाला, आंघोळीला, दवाखान्यात न्यायला सरकारी मदत मिळते, पण त्यासाठी फोन करायचा, फॉर्म भरायचे, घरी तपासणीला येणाऱ्यासमोर आपल्याला काय काय जमत नाही ते सांगायचं. ही माणसं आयुष्यभर राबलेली, ते सांगत नाहीत. "मला सगळं जमतं," म्हणतात. मी आमच्या कोऑर्डिनेटरबरोबर एका आजोबांकडं गेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात बायकोच्या दवाखान्याची पत्रं, विजेची बिलं, माल्टाहून आलेली पेन्शनची पत्रं, सगळं एकत्र. कोऑर्डिनेटरनं पहिला अर्धा तास फॉर्म काढलाच नाही. त्यांच्या गावाचं नाव विचारलं, तिथल्या उत्सवातल्या फटाक्यांचं विचारलं. मग आजोबा आपसूक म्हणाले, "न्हाणीच्या टबात पाय उचलून टाकता येत नाही गं. तीन महिने झाले, नळाखाली उभा राहून अंग पुसतो." हे त्यांनी माल्टीजमध्ये सांगितलं. मुलाला सांगितलं नव्हतं.

आता नन्नांचं सांगते, कारण खरं उत्तर तिथं आहे. 2022 मध्ये त्यांचा विसर वाढत गेला आणि मुलीनं त्यांना एज्ड केअर होममध्ये ठेवलं. नाइलाज होता, मुलगी स्वतः आजारी. पन्नास वर्षं कारखान्यात इंग्रजी बोललेली ही बाई, पण आजारानं सगळ्यात आधी इंग्रजीच पुसलं. नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा शेवटपर्यंत राहते, असं बऱ्याच जणांचं होतं. एका दुपारी मी भेटायला गेले तर ओठ कोरडे पडलेले आणि त्या हाका मारत होत्या, "इल्मा, इल्मा." तिथली नेपाळी मुलगी, फार मायेची, मला म्हणाली, "दोन दिवस सारखी इल्माला बोलावतेय. इल्मा कोण, हिची मुलगी का? फोन लावून देऊ का?"

इल्मा म्हणजे पाणी.

मला ते माहीत होतं, कारण दर मंगळवारी मी तोंबल्याच्या वेळी पाण्याचा जग घेऊन फिरते आणि तो शब्द वीसदा ऐकते. नन्नांनी दोन ग्लास पाणी एका दमात प्यायलं आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. ती मुलगी ढसाढसा रडली. तिची काही चूक नव्हती, एका पाळीत बारा माणसांचं करत होती ती. दुसऱ्या दिवशी मी गटात सांगितलं. आठवड्याच्या आत नन्नांच्या पलंगाशेजारी प्लास्टिकमध्ये घातलेला कागद लागला: पाणी, थंडी, दुखतंय, शी-शू, भूक, मला बाहेर न्या, माल्टीज शब्द, इंग्रजी अर्थ, उच्चार. आणि दर गुरुवारी माल्टीज बोलणारी एक स्वयंसेविका तासभर येऊन बसायला लागली, नन्ना गेल्या त्या आठवड्यापर्यंत.

आपलं मंडळ चांगलं आहे. गणपती सुंदर होतो, नाटकं होतात, मुलांची मराठी शाळा चालते, मी स्वतः तिथं लाडू वळायला असते. पण आपले आईवडील आता मोठ्या संख्येनं इथं येऊन राहायला लागलेत, आणि त्यांच्यासाठी बस, फोनची यादी, गुरुवारी येऊन बसणारी बाई यातलं आपल्याकडं अजून काहीच नाही. माल्टीज लोकांना ते उभं करायला कित्येक वर्षं लागली. मी तिकडं शिकायला जाते असं समजा, आणि माया लागली म्हणूनही जाते. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी हे मांडणार आहे, ज्यांना जमेल त्यांनी या.

मागच्या रविवारी मी सासूबाईंसाठी तसाच एक कागद केला. त्या ठणठणीत आहेत, पण दवाखान्यात कधीही जावं लागू शकतं. पाणी, थंडी वाजतेय, कंबर दुखतेय, चक्कर येते, लघवीला जायचंय, असं सगळं दोन भाषांत लिहून त्यांच्यापुढं ठेवलं. आईंनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, यात चहा कुठंय?"

चहा सगळ्यात वर लिहिला, शेजारी 'साखर कमी' असंही.