एअर विंग, बूट पॉलिश आणि पन्नास पैसे

परवा खारघरवरून भाचीचा फोन, आत्या मी एनसीसीत नाव दिलंय, एअर विंग, तू पण होतीस ना, मग विमान कितीदा चालवलंस? मी दोन सेकंद गप्प. कारण खरं उत्तर शून्य आहे.

एनसीसीची ही हवाई दलाची शाखा मी अकरावीत घेतली होती. तेव्हा आम्ही ठाण्याला वर्तकनगरला राहायचो आणि कॉलेज दादरच्या बाजूला. परेड रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे घरातून साडेपाचला बाहेर. अख्खी इमारत झोपलेली आणि मी निळ्या-राखाडी युनिफॉर्ममध्ये जिना उतरतेय. ठाण्याहून स्लो लोकल पकडायची, सीट रिकामी असली तरी बसायचं नाही कारण पॅन्टची इस्त्री मोडते आणि इस्त्री मोडली की रगडा. (ठाणेकराला रगडा म्हटलं की पॅटिस आठवतं, इथे रगडा म्हणजे शिक्षा, ग्राउंडला चकरा नाहीतर फ्रंट रोल.) लेडीज डब्यात एका मावशींनी विचारलं होतं, कुठल्या मॉलमध्ये सिक्युरिटीला आहेस गं? खोटं सांगत नाही, आठवडाभर राग होता डोक्यात.

पहिले सहा महिने विमानाचा संबंधच नाही. सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल, थम. बूट एवढे चमकवायचे की पीआय सरांना (परेड शिकवणारे) त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. बेल्टच्या बकलला ब्रासो. बेरे, म्हणजे युनिफॉर्मची लोकरी टोपी, नवीन असताना डोक्यावर डोशासारखी पसरते, ती गरम पाण्यात बुडवून डोक्यावरच दाबून सुकवायची, आईने बाथरूममध्ये मला तशी बघितली आणि काहीच न बोलता निघून गेली. मला वाटायचं मी चुकून आर्मीत आलेय. बरं सर सांगायचे, एनसीसी १९४८ ची आणि एअर विंग १९५० ची, तेव्हापासून कॅडेट हेच करतायत, तू काय वेगळी आहेस?

मग एरोमॉडेलिंग सुरू झालं आणि तिथे मी अडकले ती अडकलेच. बाल्सा लाकूड हातात घेतलं तर वजनच लागत नाही, ब्लेडने कापायचं, पॉलिशपेपरने घासायचं, फेविकॉल सुकेपर्यंत श्वास धरून बसायचं. माझं पहिलं ग्लायडर सोडलं की नाक वर करून चढायचं, हवेत थबकायचं आणि दाणकन खाली. पाच वेळा तेच. मला वाटलं पंख चुकले. सर म्हणाले पंख ठीक आहेत, शेपूट जड आहे. म्हणजे नाक वर गेलं की पंखाचा हवेशी कोन वाढत जातो, एका हद्दीपलीकडे हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते, आणि लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारा जोर, गेली, यालाच स्टॉल म्हणतात. पुस्तकात ही ओळ मी घोकून पाठ केली होती आणि डोळ्यासमोर पाच वेळा घडूनही ओळखली नव्हती! वजनाचा मध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर यायला हवा. माझ्याकडे लावायला काहीच नव्हतं, पाकिटात पन्नास पैशाचं नाणं होतं, ते सेलोटेपने नाकावर चिकटवलं. सोडलं तर सरळ गेलं, अगदी शांतपणे, ग्राउंडच्या पार त्या टोकाला पाण्याच्या टाकीपर्यंत. तेवढा आनंद मला नंतर सी सर्टिफिकेट (एनसीसीची सगळ्यात वरची परीक्षा) मिळालं तेव्हाही झाला नाही.

मायक्रोलाइटच्या, म्हणजे कॅडेटना ज्यात बसवतात त्या छोट्या हलक्या विमानाच्या, यादीत एकदा माझं नाव लागलं होतं. रात्रभर झोप नाही. सकाळी धुरकं एवढं की धावपट्टीचं दुसरं टोक दिसेना, दुपारपर्यंत थांबलो, मग केळी आणि सामोसा खाऊन परत. नंतर परीक्षा आल्या आणि नाव काही पुन्हा लागलं नाही. विमानात पहिल्यांदा बसले ती नोकरी लागल्यावर, तिकीट काढून, तेसुद्धा मधली सीट.

भाचीचं नशीब बघा, २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, गच्चीवरून विमानं दिसतात म्हणे. तिला एएफकॅटची (हवाई दलाची प्रवेश परीक्षा) लेखी न देता एनसीसीमधून थेट एसएसबीला (अधिकारी निवडीच्या मुलाखतीला) जाता येतं तेही माहितीये, सगळं गुगल करून बसलीये. मी हे सगळं सांगितलं, नाण्यासकट. ती म्हणाली ते ठीके पण आत्या, चालवायला कधी देतात?

म्हटलं आधी बूट दाखव.

व्हिडिओ कॉलवर दाखवले. टाचा तशाच राहिल्यात, पॉलिशच नाही मागून.