लेकीच्या अंगणातलं तण आणि माझी गॅलरी

एडिनबरात लेकीच्या घरामागे दगडी भिंतीलगत कमरेएवढे पांढऱ्या फुलांचे ताटवे उभे होते. सप्टेंबर होता, वारा बोचरा. मी तिथेच उकिडवी बसले. लेक म्हणाली, "आई, त्याचं काय कौतुक? तण आहे ते. उपटून उपटून दमलो आम्ही."

त्या तणाला हायब्रिड ॲनिमोनी म्हणतात, बोलीत जपानी ॲनिमोनी. नाव जपानी, पण गोष्ट निराळीच. रॉबर्ट फॉर्च्यून हा वनस्पती गोळा करत फिरणारा स्कॉटिश माणूस. त्याने 1844 साली शांघायहून एक गुलाबी ॲनिमोनी इंग्लंडला पाठवली. शांघायला ती थडग्यांवर फुललेली त्याला दिसली होती. मग लंडनजवळ चिझिकच्या बागेत तिचा संकर झाला तो द्राक्षासारख्या पानांच्या हिमालयी ॲनिमोनीशी. म्हणजे या फुलाचं आजोळ आपल्याच बाजूला! एवढं वाचलं आणि ही आपल्या गॅलरीत लावायचीच, हा माझा हट्ट पक्का झाला. लेकीकडची पांढरी ती 'ओनोरीन जोबेर', 1858 पासूनची फ्रेंच जात.

तिथून मुळं पिशवीत घालून आणणं नियमात बसत नाही आणि मला विमानतळावर शोभा करून घ्यायची नव्हती. नोव्हेंबरात हिमाचलातल्या एका रोपवाटिकेतून दोन रोपं मागवली. सहा दिवस खोक्यात प्रवास. एक उघडताक्षणी कुजलेलं, दुसरं जेमतेम हिरवं.

आमची गॅलरी ठाण्याला पाचपाखाडीत, तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेला. ग्रिलमध्ये सतरा कुंड्या. खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पाणी ठिबकतं, त्यावरून आमचं अधूनमधून वाजतं. इथे ऊन साडेदहापर्यंत, मग सावली. या झाडाला तेवढंच हवं. मातीत निम्मं जुनं शेणखत, थोडी जाडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. ओल हवी पण पाणी तुंबायला नको.

डिसेंबर-जानेवारीत ठाण्याच्या थंडीनेही बाईंना बरं वाटलं. तीन-तीन पानांचे झुबके आले, खरखरीत, गडद. मोरवेल पाहिली असेल तर ओळख पटेल, दोघी एकाच कुळातल्या. स्वयंपाकघरातली कलौंजीही त्यातलीच. ॲनिमोनीला खरं तर पाकळ्या नसतातच, पाकळीचं काम निदलं, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं, करतात. मोरवेलीचंही तसंच. पण मोरवेल पावसाळ्यानंतर घाटात झुडपांवर पांढरी पसरते, कुणी तिला खत घालत नाही, हे मनाला लागतंच.

मार्चपासून पानांच्या कडा जळू लागल्या. मग मी कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवली आणि मधल्या फटीत ओली वाळू भरली, माठासारखं. दोन्ही वेळेला वाळूवर तांब्याभर पाणी. मे महिना असा काढला. हे म्हणाले, "आपल्याला एसी नाही, हिला मात्र आहे." मी लक्ष दिलं नाही.

खरी गोची वेळेची आहे. हिच्या देशात उन्हाळा सरताना कळ्या येतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर. आपल्याकडे तेव्हा आधी धो धो पाऊस, मग ऑक्टोबर हीट. म्हणून फुलाची आशा मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. स्वतःलाही नाही.

जुलैत नाशिकला लग्नाला गेले, चार दिवस. परत आले तर पानं पिवळी, देठ मऊ. "अहो, पाणी घातलंत का?" "हो, रोज. दोन वेळा." "बाहेर पाऊस पडत असताना?" "गॅलरीत कुठे येतो तो?" येतो. वाऱ्याने येतो, चांगला आत येतो. पण भांडायलाही जोर राहिला नाही.

कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली. काळी, बुळबुळीत मुळं निघाली. मधे सात तुकडे मात्र फिकट आणि टणक. मुळांच्या तुकड्यांपासून हिची रोपं होतात, त्याचा हंगाम खरं तर हिवाळा, पण मला निवडायला कुठे वाव होता! बोटभर लांबीचे तुकडे केले, वाळू आणि कोकोपीटमध्ये आडवे निजवले, वर सेंटीमीटरभर थर. हातमोजे न घालता काम केलं. या कुळातल्या रसाने त्वचेला जळजळ होते, माझ्या मनगटावर दोन दिवस चट्टे होते. मोजे घाला.

मग कुंडी न्हाणीघराच्या खिडकीत. सप्टेंबर गेला, काही नाही. उकरून पाहायचा मोह दोनदा झाला, एकदा उकरलंही. नवरात्रात त्या मातीकडे बघणंच सोडून दिलं.

गेल्या गुरुवारी एका तुकड्यातून घडी घातलेलं पान वर आलंय. नखाएवढं. आईस्क्रीमच्या काडीवर लिहून खोचलंय: 'पाणी घालू नका.' आज सकाळी पाहिलं तर त्याच काडीच्या मागे ह्यांच्या अक्षरात 'बरं.'